कोड्यांची चाळण

आमच्या बृहन्महाराष्ट्रीय मध्यमवर्गात अलीकडे एक समज फार दृढ होत चालला आहे. मुंबई, गुरुग्राम, लंडन, न्यूयॉर्क येथील ज्या पेढ्या गणिताच्या आणि संगणकाच्या बळावर शेअरांचे व वायद्यांचे व्यवहार करतात, त्या आपली माणसे ज्या रीतीने निवडतात ती रीत म्हणजे गुणवत्तेची अगदी निर्मळ कसोटी होय, असा हा समज. तेथे वशिला चालत नाही, प्रांत विचारीत नाहीत, आडनाव पाहत नाहीत. समोरचा गृहस्थ संभाव्यतेचे एक कोडे घालतो, उमेदवार ते सोडवतो किंवा सोडवीत नाही, आणि तेवढ्यावर निकाल लागतो. झाशीसारख्या गावी या कल्पनेची मोहिनी विशेष पडावी, हे स्वाभाविक आहे. १८५४ साली नेवाळकरांचे संस्थान खालसा झाले, १८५८ साली शहर लुटले गेले, आणि त्यानंतरही जी दक्षिणी घरे येथे तग धरून राहिली त्यांना आधार उरला तो मुख्यतः विद्येचा. परक्या मुलुखात ज्याला मामा-काका नाही त्याला परीक्षा हाच मामा. तेव्हा जिच्यात केवळ डोके पाहतात अशी परीक्षा कोठे असेल, तर तिच्यापुढे आमचे हात आपोआप जोडले जातात.

हे जोडलेले हात थोडे सैल व्हावेत, एवढ्यासाठीच हा लेख. माझे म्हणणे असे की, ही कोडी आज ज्या रीतीने विचारली जातात तीत डोके पाहिले जात नाही. पाहिला जातो तो कोड्याशी असलेला पूर्वपरिचय. आणि ज्या उमेदवाराला खरोखरी विचार करण्याची खोड आहे, त्याला ही रीत बहुधा दाराबाहेरच ठेवते.

माझे भांडण कोड्यांशी नाही, हे आधीच सांगून टाकतो. यांतील कित्येक कोडी फार सुंदर आहेत. एकच नमुना पाहा. फासा टाकावयाचा, जितके ठिपके पडतील तितके रुपये मिळतील. पहिले दान पसंत नसेल तर ते सोडून दुसरे टाकता येईल, दुसरेही सोडून तिसरे. मात्र तिसरे पडेल ते मुकाट्याने घ्यावयाचे. या खेळात बसण्यासाठी तुम्ही जास्तीत जास्त किती रुपये द्याल? नवखा मनुष्य पहिल्या दानापासून विचार करू लागतो आणि गोंधळतो. खुबी अशी की, शेवटाकडून मागे यावयाचे. एकच दान उरले असेल तर त्याची सरासरी किंमत ३.५० रुपये. म्हणून दोन दाने हाती असताना पहिले चार, पाच किंवा सहा पडले तरच ठेवावे. तसे केल्यास सरासरी ४.२५ होते. आणि म्हणूनच तीन दाने हाती असताना पहिले चार पडले तर तेही सोडावे, पाच किंवा सहाच ठेवावे. मग खेळाची किंमत चौदा तृतीयांश, म्हणजे सुमारे ४.६७ रुपये भरते. हाती आलेल्या चारांवर समाधान मानावे की नाही, हे पुढे किती संधी शिल्लक आहेत त्यावर ठरते, ही गोष्ट इतक्या थोडक्यात शिकविणारा दुसरा गुरू मला तरी ठाऊक नाही.

कोड्यांतून गणित शिकविण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. ११५० साली पुऱ्या झालेल्या ग्रंथात भास्कराचार्यांनी लीलावतीच्या अंकपाशप्रकरणात शंकराच्या दहा हातांतील दहा आयुधांची अदलाबदल किती प्रकारे होईल असे विचारले आहे, उत्तर ३६,२८,८००. परंतु तेथे आधी रीत सांगितली आहे आणि मग उदाहरण घातले आहे. ज्याला उत्तर आले नाही त्याने घरी जावे, असे भास्कराचार्य म्हणत नाहीत.

आता कोडे विचारण्याची आजची रीत पाहू. कोड्याची सारी किंमत ते नवे असण्यात असते. ज्याचे उत्तर ठाऊक आहे ते कोडे नव्हे, ती आठवण. आणि ही कोडी आज कोणाला ठाऊक नाहीत? फ्रेडरिक मॉस्टेलर या संख्याशास्त्रज्ञाने संभाव्यतेच्या पन्नास कठीण प्रश्नांचे पुस्तक १९६५ साली छापले. वॉल स्ट्रीटवरील मुलाखतींत विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांचा टिमथी क्रॅक यांचा संग्रह १९९५ पासून बाजारात आहे; २००८ साली शिनफेंग झोऊ यांचे त्याच विषयावरचे मार्गदर्शक पुस्तक निघाले आणि ते तर या धंद्याच्या उमेदवारांचे नित्यपाठाचे पोथीपुस्तक होऊन बसले आहे. नाणे फेकत राहिल्यास लागोपाठ दोन छाप पडेपर्यंत सरासरी सहा फेका लागतात, पण छापेमागून काटा पडेपर्यंत चारच. काठीचे दोन ठिकाणी वाटेल तसे तुकडे केल्यास त्रिकोण होण्याची संभाव्यता एक चतुर्थांश. पंचवीस घोड्यांतून पहिले तीन निवडण्यास सात शर्यती. ज्या काळी ही उत्तरे कोणी प्रथम शोधून काढली त्या काळी तो बुद्धीचा विजय होता. आज तो पाढा आहे.

यातून जो देखावा निर्माण होतो तो मोठा मौजेचा आहे. परीक्षकाला कोडे ठाऊक आहे, उमेदवाराला कोडे ठाऊक आहे, आणि उमेदवाराला ते ठाऊक असावे असा परीक्षकालाही संशय आहे. उमेदवारापुढे दोन वाटा असतात. ‘हे मी वाचले आहे,’ असे सरळ सांगावे, तर हातचा सोपा प्रश्न जाऊन अवघड प्रश्न येण्याची भीती. न सांगावे, तर कपाळाला आठ्या घालून, कागदावर दोन रेघा ओढून, एक खोटी वाट चोखाळून मग ‘अरे हो!’ म्हणावयाचे. म्हणजे प्रामाणिकपणाला दंड आणि नाट्यकलेला बक्षीस! लोकांचा पैसा ज्यांच्या हाती जावयाचा त्यांची ही पहिली दीक्षा.

यावर असे म्हणतील की, पुस्तके सर्वांना खुली आहेत. झाशीच्या मुलानेही ती वाचावीत. वाचावीत की! परंतु पुस्तक खुले असणे निराळे आणि तेच पुस्तक वाचावयाचे असते हे ठाऊक असणे निराळे. बुंदेलखंड विद्यापीठ १९७५ साली निघाले, येथील अभियांत्रिकी महाविद्यालय १९८६ साली. तेथे गणित चांगले असलेली मुले नाहीत असे कोण म्हणेल? पण या पेढ्यांची पावले वळतात ती मोजक्या आय.आय.टी.च्या आणि तशाच दोनचार संस्थांच्या अंगणात. तेथील वसतिगृहांत ही कोडी थोरल्या विद्यार्थ्याकडून धाकट्याकडे जातात. काल कोणास काय विचारले हे आज रात्री सर्वांस कळते. ही एक प्रकारची वतनदारीच. तिला वशिला म्हणत नाहीत इतकेच.

परंतु एवढीच तक्रार असती तर मी लेख लिहिला नसता. ठाऊक असलेल्यांना फायदा व्हावा हा दोष सर्वच परीक्षांत थोडाबहुत असतो. माझा खरा आक्षेप याहून खोल आहे, आणि तो स्पष्ट करण्यासाठी या धंद्यातील एक अतिपरिचित कोडे घेतो. एका खोलीत किती माणसे जमली म्हणजे त्यांपैकी निदान दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची संभाव्यता निम्म्याहून अधिक होते? उत्तर : २३. ऐकणारा चकित होतो, कारण त्याने शेदोनशे तरी सांगितले असते. या उत्तरामागे एक गृहीत आहे. ते असे की, वर्षाच्या ३६५ दिवसांपैकी कोणत्याही दिवशी जन्म होण्याचा संभव सारखाच.

आता हे कोडे घेऊन बुंदेलखंडातील एखाद्या जुन्या शाळेत चला. या प्रांतात शाळा जुलैत उघडत. मुलाला नाव घालण्यास आणले आणि घरच्यांना तिथी-नक्षत्रापलीकडे काही सांगता आले नाही, की मास्तर अंदाजाने वय धरून नोंदवहीत १ जुलै ही तारीख घालून मोकळे होत. महाराष्ट्रात शाळा जूनमध्ये उघडतात, म्हणून तिकडे हाच मान १ जून या तारखेला मिळाला. आमच्या पिढीतील किती कर्त्या माणसांचे सरकारी वाढदिवस या दोन तारखांना साजरे होतात, हे ज्याने निवृत्तीच्या याद्या पाहिल्या आहेत त्यास सांगावयास नको. समजा की एखाद्या वर्गात दहांत एक मूल असे १ जुलैचे आहे आणि बाकीचे इतर दिवसांत सारखे विखुरलेले आहेत. तर २३ मुले लागत नाहीत, १४ पुरतात. पाचांत एक असेल तर ८ मुलांतच निम्म्याहून अधिक संभाव्यता होते. ज्याला शंका असेल त्याने हिशेब करून पाहावा. त्यास कागदाची एक बाजू पुरेल.

आता कल्पना करा की झाशीचा एक मुलगा त्या खुर्चीवर बसला आहे. त्यास २३ हा आकडा ठाऊक नाही. तो म्हणतो, ‘कोणत्या खोलीत? आमच्या शाळेच्या खोलीत असेल तर सात-आठही पुरे होतील.’ हे उत्तर पुस्तकी उत्तरापेक्षा श्रेष्ठ आहे. त्यात संभाव्यता आहे, जगाचे ज्ञान आहे, आणि आकडा कोठून आला, तो कोणी लिहिला, का लिहिला, हे विचारण्याची वृत्ती आहे. कागदावरची तारीख आणि खरा जन्म या दोहोंत फरक असतो, हे कळणे ही आकड्यांच्या धंद्यातील पहिली पायरी. परंतु घड्याळ लावून बसलेला परीक्षक त्यास म्हणणार : ‘सर्व दिवस सारखे धरा.’ आणि मनात लिहिणार : मुद्दा सोडून बोलतो. एखादा रसिक परीक्षक त्यास उचलून धरीलही. पण दैवाने असा मनुष्य पुढे यावा लागतो, आणि दैवयोगाला कोणी कसोटी म्हणत नाही.

महाभारताच्या वनपर्वात या विषयाची जी कथा आहे ती आमच्या घराघरांत ठाऊक आहे, पण या दृष्टीने ती कोणी वाचलेली दिसत नाही. अयोध्येचा राजा ऋतुपर्ण विदर्भास निघाला आहे (अयोध्येहून विदर्भाची सरळ वाट धरली तर ती आमच्या बुंदेलखंडाच्या आसपासूनच जाते, असे म्हणण्याचा मोह मला आवरत नाही), आणि बाहुक नावाने वावरणारा नल त्याचा रथ हाकतो आहे. वाटेत बेहड्याचे झाड लागते. राजा एका दृष्टिक्षेपात सांगतो की, याच्या दोन फांद्यांवर पाच कोटी पाने आणि २,०९५ फळे आहेत. पूर्वी फासे बेहड्याच्या फळांचे करीत, हेही लक्षात असू द्यावे. नल काय करतो? तो थक्क होऊन मान डोलावीत नाही. रथ थांबवतो. राजास घाई आहे. स्वयंवराला पोचावयाचे आहे. तो म्हणतो, वेळ नाही. नल म्हणतो, मी मोजल्यावाचून पुढे जाणार नाही. झाड पाडून तो फळे मोजतो, संख्या जुळते, आणि तेव्हाच तो ही विद्या मागतो. ऋतुपर्ण त्यास अक्षहृदय देतो आणि त्या क्षणी कली त्याच्या देहातून बाहेर पडतो. इयन हॅकिंग या तत्त्वज्ञाने संभाव्यतेच्या इतिहासावरील आपल्या १९७५ च्या ग्रंथात या कथेची मुद्दाम दखल घेतली आहे. आमच्या दृष्टीने तिच्यातील महत्त्वाचे स्थळ रथ थांबतो ते होय. आजच्या मुलाखतीत ऋतुपर्ण होण्यास गुण आहेत. नल होण्यास नाहीत.

वेगाने कोडी सोडविण्यास बुद्धिमत्ता समजण्याचा हा प्रयोग नवाही नाही. केंब्रिजची गणिताची ट्रायपॉस परीक्षा एकोणिसाव्या शतकात हेच करीत होती. ठराविक वेळात अधिकाधिक क्लृप्त्यांचे प्रश्न, त्यांसाठी खाजगी शिकवण्या, आणि शेवटी क्रमवारी. राउथ नावाच्या एकाच शिकवणीवाल्याच्या हाताखालून पंचवीसहून अधिक सीनियर रँग्लर निघाले! १८९९ साली आमचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे तेथे एका इंग्रज विद्यार्थ्याच्या बरोबरीने पहिले आले, आणि महाराष्ट्राने जो आनंदोत्सव केला तो रास्तच होता. जित राष्ट्राचा मुलगा जेत्यांच्या परीक्षेत पहिला येतो याला तेव्हा फार अर्थ होता. परंतु त्याच्या आदल्या वर्षी त्याच परीक्षेत चौथा आलेला हार्डी पुढे तिचा कट्टर शत्रू बनला. ही परीक्षा इंग्लंडच्या गणिताला जिवंत गणितापासून तोडते, हे त्याचे म्हणणे होते. १९०९ नंतर ती क्रमवारी बंद झाली. परांजप्यांची थोरवीही पुढे जी दिसली ती फर्ग्युसनच्या प्राचार्यपदावर आणि १९३२ ते १९३८ या काळात आमच्याच प्रांतातील लखनौ विद्यापीठाच्या कुलगुरुपदावर. ज्या गुणांनी ते तेथे शोभले त्या गुणांवर ट्रायपॉसमध्ये एकही प्रश्न नव्हता. केंब्रिजने जे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी टाकून दिले, ते आमच्या पेढ्यांनी आज उचलून डोक्यावर घ्यावे!

उलट बाजूस देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांना पाहा. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, सर्व अंक सारखे मात्र नसावेत. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यांतून चढत्या क्रमाने मांडलेली संख्या वजा करा, आणि हेच पुन्हा पुन्हा करीत जा. झाशीकरांसाठी १८५७ घेऊ. ८७५१ वजा १५७८, बाकी ७१७३. पुढे ६३५४, मग ३०८७, मग ८३५२, आणि मग ६१७४. येथे गाडी थांबते, आणि कोणत्याही संख्येपासून निघालात तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत येथेच येऊन थांबते. हा शोध कापरेकरांनी संख्यांशी वर्षानुवर्षे खेळत केला. त्यांच्याकडे मोठी पदवी नव्हती, अनेक विद्वानांनी त्यांचे काम पोरखेळ समजून बाजूस सारले, आणि १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्याविषयी लिहिले तेव्हा जगाचे लक्ष तिकडे गेले. त्यांच्यापुढे तीन मिनिटांचे घड्याळ ठेवून एखाद्या तरुण व्यवस्थापकाने ‘आता विचार मोठ्याने करा’ असे फर्मावले असते, तर काय निष्पन्न झाले असते?

‘तुम्हांला काय करावयाचे? पेढी त्यांची, पगार त्यांचा,’ असे कोणी म्हणेल. करावयाचे आहे, कारण या निवडीचा परिणाम त्या खोलीपुरता राहत नाही. कोड्यातील फासा नेहमी निर्दोष असतो. बाजारातील फासा कोणी घडवला, तो मध्येच बदलला काय, हे कोणी सांगत नाही. ज्या मर्टन आणि शोल्स यांना १९९७ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते ज्या लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट या संस्थेत भागीदार होते ती दुसऱ्याच वर्षी रशियाच्या दिवाळखोरीनंतर कोसळली, आणि चौदा बँका व पेढ्यांना सुमारे ३६० कोटी डॉलर घालून ती सावरावी लागली. तेथे गणिताची वाण नव्हती. वाण होती ती ‘हे सर्व दिवस खरोखरच सारखे आहेत काय?’ असे विचारणाऱ्याची.

आणि आपल्या देशातील हिशेबही पाहावा. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे व ऑप्शन यांच्या व्यवहारात पडलेल्या व्यक्तींपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक. त्यांतील बहुसंख्य देशातील तीस मोठ्या शहरांबाहेरचे, आणि तीन-चतुर्थांश लोकांचे जाहीर वार्षिक उत्पन्न पाच लाखांच्या आत. म्हणजे हे लोक झाशी, ग्वाल्हेर, सागर अशा गावांचेच. त्याच पाहणीप्रमाणे २०२३-२४ या एका वर्षात स्वतःच्या भांडवलावर व्यवहार करणाऱ्या पेढ्यांचा ढोबळ नफा सुमारे ३३,००० कोटी आणि परदेशी गुंतवणूकदारांचा सुमारे २८,००० कोटी. आणि तो जवळजवळ सगळा संगणकी आज्ञावलींच्या द्वारे झालेला. त्या आज्ञावली लिहिण्यास माणसे निवडतात ती या चाळणीतून. मेजाच्या एका बाजूस आमच्या गल्लीतील मोबाइलवर नशीब काढणारा दुकानदार आणि दुसऱ्या बाजूस ज्याचे आम्ही हारतुरे घालून कौतुक करतो तो मुलगा. दोघेही आमचेच. म्हणून त्या मुलास जे शिकविले जाते त्याची चौकशी करण्याचा अधिकार मला आहे असे मी समजतो.

पेढ्यांची अडचण मी जाणतो. एकेका जागेस अर्जांचे ढीग येतात. काही तरी चाळण हवी. ठीक आहे, चाळण म्हणा; तिला गुणवत्ता म्हणू नका. गूगलने हीच गंमत वर्षानुवर्षे केली आणि २०१३ साली तेथील मनुष्यबळ विभागाचे प्रमुख लास्झलो बॉक यांनी उघड सांगितले की, अशी कोडी म्हणजे वेळेचा अपव्यय. त्यांवरून उमेदवार पुढे कसे काम करील याचा काहीच अंदाज येत नाही, विचारणाऱ्याला मात्र आपण हुशार असल्यासारखे वाटते. आमचे झाशी हे ध्यानचंदांचे गाव. त्यांच्या झाशी हीरोज संघाने १९३३ साली कलकत्त्यास जाऊन बायटन कप जिंकला. त्या संघात घेण्यापूर्वी कोणाला स्टिकवर चेंडू तोलून उभे राहण्यास सांगत असतील, असे मला वाटत नाही. मैदानात उतरवून बरोबरच्या गड्याला पास देतो की नाही हे पाहत असतील. तसेच येथेही करता येईल. उमेदवारापुढे चुकांनी भरलेले आकड्यांचे एक खरेखुरे बाड टाकावे, दुपारभर वेळ द्यावा, पुस्तके व संगणक वापरू द्यावा, आणि संध्याकाळी विचारावे की यातील कोणत्या आकड्यावर तुझा विश्वास नाही आणि का. यास परीक्षकाचा वेळ अधिक लागेल, हे खरे. तो देण्याची त्याची तयारी नसेल तर त्याने चिठ्ठ्या टाकाव्यात. त्यात निदान कोणाची फसवणूक नाही, आणि हरलेल्या मुलास आपण मंदबुद्धी आहोत असे वाटून घरी यावे लागणार नाही.

ते होईल तेव्हा होवो. पेढ्या माझे ऐकून वागतील अशी माझी समजूत नाही. पण आमच्या मराठी शिक्षकांना एक गोष्ट आजही करता येण्यासारखी आहे. शाळेच्या कपाटात तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या प्रवेशाची नोंदवही असेल ती काढावी, नावांवर कागद ठेवावा, आणि जन्मतारखांचा रकाना तेवढा नववी-दहावीच्या मुलांपुढे मोकळा करावा. १ जुलै किती वेळा आला ते त्यांनाच मोजू द्यावे, आणि मग विचारावे : या वर्गातील किती मुले एका खोलीत बसविली म्हणजे दोघांची तारीख एक निघेल? २३ हा आकडा फळ्यावर लिहू नये. दोन दिवस लागले तर दोन दिवस लागू द्यावेत.